कोपीतला सहावा दगड

मार्गशीर्ष उतरणीला लागला की धाराशिवच्या बाजाराचा वास बदलतो. हरभऱ्याचे ढाळे, तुरीच्या ओल्या शेंगा, वाल, चुका, मेथी, कांद्याची पात यांचे ढीग लागतात आणि ढाळ्यांची आंब लागून बोटं दिवसभर आंबट राहतात. भाजीवाली मावशी मला काय पाहिजे ते विचारतच नाही. "भज्जीचं बांधू ना बाई?" म्हणते आणि पिशवीत कोंबायला लागते. हे सगळं आमच्या रानात उभं असतं, तरी मी दरसाल इथून घेऊन जाते आणि दरसाल आईची बोलणी खाते. "रानात न्हाय का पिकत? का पगार लई झालाय तुला?"

येळवस आली, एवढाच त्या वासाचा अर्थ. पुस्तकी नाव वेळा अमावस्या. मी ज्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळते तिथं पुण्याकडून नव्यानं आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही नेमकं करता काय?" म्हटलं, शेतात जाऊन जेवतो. "एवढंच?" त्यांचा चेहराच पडला. आता काय सांगायचं? त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, एसटीला लोंबकळून माणसं आपापल्या रानाकडं जातात, आणि ज्याला रान नाही त्यालाही रस्त्यावरून हाका मारून, ओढून, दमदाटी करून जेवायला बसवतात. एका माणसानं दुपारपर्यंत चार वावरांत जेवणं हे आमच्याकडं सभ्यपणाचं लक्षण आहे. मी त्या बाईंना म्हटलं, "एवढंच. पण तुम्ही चलाच."

जेवणाआधी पूजा असते. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांची शेंडी बांधायची, वरून शाल नाहीतर नवं लुगडं पांघरायचं, झाली कोप. आत पाच दगड. ते वर्षभर रानातल्या कडुलिंबाच्या बुडाशी पडलेले असतात. त्या दिवशी त्यांना धुवायचं, चुना फासायचा आणि ओळीनं मांडायचं. ते पांडव. त्यांच्यापुढं त्या सगळ्या भाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि ज्वारीच्या पिठाच्या ताकातल्या आंबिलीचं मडकं. मग घरचा कर्ता त्या मडक्यातली आंबील घेऊन रानाच्या कडेकडेनं शिंपडत जातो आणि "ओलगे, ओलगे" असा पुकारा करतो. त्याचा अर्थ कुणाला विचारू नये. कानडी मुलखातून आलाय म्हणतात, पण कानडी मुलखातल्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, आम्हाला वाटलं तुमचाच.

तर पांडव पाच. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त आमच्या कोपीत सहा असायचे.

आणि ते मांडणारे माझे वडील, आप्पा, होते गणिताचे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना मोजायला शिकवलं आणि येळवशीला स्वतः मात्र पाचाचे सहा केले. गावानं ही संधी सोडली असती होय! "गुरुजी, म्हाभारत कितवीपर्यंत शिकलावं?" "गुरुजी, हातचा एक धरलाय व्हय?" आप्पा हसायचे. "असू द्या. एक जास्तीचा." पंगतीत एखादा जास्तीचा माणूस आला तर ज्या सुरात म्हणावं, त्याच सुरात. पुढं काही नाही.

बरं, माणूस देवभोळा असता तर समजलं असतं. आप्पा म्हणजे तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथं, ओवाळून टाकलेलं लिंबू उचलून घरी आणणारे आणि त्याचं सरबत करून पिणारे. दाराला बांधलेली लिंबू-मिरची त्यांनी कालवणात घालायला लावली होती. आई त्या दिवशी जेवली नाही. मांजर आडवं गेलं तर आप्पा मुद्दाम त्याच्या पाठीमागं चार पावलं जायचे. अशा माणसाचं या एका दगडापुढं का काही चालत नव्हतं, हे कोडं मला कळत्या वयापासून पडलेलं.

मी विचारायची. दरसाल विचारायची, कारण माझी जीभ मूळचीच वळवळी. "आप्पा, सहावा कुणाचा?" मला ते "असू दे" म्हणायचे नाहीत. मला म्हणायचे, "तूच सांग." मला त्याचा राग यायचा. वर्गातही त्यांची हीच रीत होती. उत्तर म्हणून कधी द्यायचे नाहीत, पोराकडूनच काढून घ्यायचे. मी म्हणायची, "येत नाही मला." ते म्हणायचे, "मग राहू दे. पुढच्या साली." आणि चुन्याच्या बोटांनी माझ्या नाकावर टिकली लावायचे. मी नोकरीला लागल्यावरही लावली. माझे केस पिकायला लागल्यावरही.

आप्पा जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या साली वर्षाचं दुःख म्हणून येळवस धरली नाही. यंदा आठ दिवस आधी आईचा फोन आला. आई लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावी असते, माझा धाकटा भाऊ रमेश आणि वहिनीजवळ. रान रमेशच बघतो.

"यंदा कोप घालायची," आई म्हणाली. "पर पाचच मांडायचे. रमेशला सांगून ठेवलंय. त्यो जास्तीचा बांधावर फेकून द्यायचा."

"फेकून? अगं, आप्पांनी जन्मभर…"

"जन्मभर मांडला, खरंय. जन्मभर इचारलं मीबी. सांगितलं का? न्हाय ना? मग त्यांच्यासंगं गेलं ते."

मी म्हटलं, थांब, मी शोधून काढते. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "येळवशीच्या दिशी पूजा लागायच्या आत सांग. न्हाय सांगता आलं तर फेकणार. मग रडायचं न्हाय." आणि फोन ठेवला. माझी आई बाहत्तर वर्षांची आहे आणि दिलेला शब्द मागं घेत नाही.

मग मी कामाला लागले. दिवसभर पुस्तकांत बसणाऱ्या बाईला एखाद्या दगडाचा शोध घ्यायला मिळणं ही काही थोडी गंमत नव्हे. रमेशला फोन केला. तो ठामपणानं म्हणाला, "कर्ण. सख्खा थोरला भाऊ असून ओळीत जागा मिळाली न्हाय त्याला. आप्पांना अन्याय सहन व्हायचा न्हाय." छान वाटलं ऐकायला. पण आप्पा कर्णाबद्दल कधी चांगलं बोललेलं मला आठवेना; त्यांच्या मते त्याची संगत वाईट होती. वहिनी म्हणाली, द्रौपदी असेल. पण आमच्या गावात तिला वेगळी मांडत नाहीत. गावातल्या एका म्हाताऱ्या शिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या आजोबांचा बैल होता सर्जा नावाचा, त्याचा असेल. बैलावर आप्पांची माया होती, हे खरं. पण सर्जा मेला तेव्हा मी आठवीत होते आणि सहावा दगड त्याच्या आधीपासूनचा. म्हणजे ते उत्तरही चुकलं.

एक मजा मात्र झाली. ज्याला विचारावं तो दगडाबद्दल एक वाक्य बोलायचा आणि आप्पांबद्दल दहा. कुणाला त्यांनी सायकलच्या चाकावरून वर्तुळाचा परीघ शिकवला होता. एकीला तिच्या बापाची समजूत घालून दहावीला बसवलं होतं, आणि परीक्षेच्या दिवसांत तिच्या घरची म्हैस स्वतः चारून आणली होती. म्हैस! आम्हाला घरी कुणाला पत्ता नाही. मी चाळीस-पन्नास वर्षं ज्या माणसाच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवले, तो गावभर असा थोडा थोडा वाटून ठेवलेला होता.

पण दगड कुणाचा, ते कळेना. येळवशीला तीन दिवस राहिले तशी मी रजा टाकून गावी गेले.

येळवशीच्या आधीचे दोन दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे घाटे, वालाचे दाणे सोलून टोपल्या भरलेल्या. माठात आंबील आंबायला घातलेली. आणि पाट्यावर आई. आईला मिक्सरची चटणी चालत नाही. पण पाट्यावर बसली की तिचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असतं, ते मी लहानपणापासून ऐकत आले. "ह्यो वरवंटा काय हाताला बसत न्हाय. माज्या बेंबळीच्या वरवंट्याची सर ह्याला न्हाय." बेंबळी तिचं माहेर. तिथून लग्नात आलेला, वीतभर लांबीचा, काळाभोर वरवंटा रमेशच्या जन्माच्या वेळी ती बाळंतपणाला गेली असताना घरातून नाहीसा झाला. आईचा संशय थेट धाकट्या जावेवर, म्हणजे आमच्या काकूवर. काकूनं शपथा घेतल्या, तरी संशय गेला नाही. दोघींचं बोलणं चालू असतं, देणंघेणंही होतं, पण काकूच्या घरची चटणी आई खात नाही. आणि हे गाऱ्हाणं सुरू झालं की आप्पा उठून गोठ्याकडं जायचे, हे मला पाट्याशेजारी लसूण सोलता सोलता आठवलं. बायकांच्या भांडणात पडणारा माणूस नव्हता, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

"आई," मी म्हटलं, "तुला काय वाटतं? खरं सांग. सहावा कुणाचा?"

आईचा हात थांबला नाही. चटणी आधीच वाटून झालेली होती, तरी ती वाटत राहिली.

"ती लोहाऱ्याची," ती म्हणाली.

मला कळेना. मग तिनं सांगितलं. आप्पांचं लग्न आधी लोहाऱ्याच्या एका मुलीशी ठरलं होतं. सुपारी फुटली, याद्या झाल्या, आणि लग्नाच्या महिनाभर आधी ती मुलगी तापानं गेली. वर्षानं आईचं स्थळ आलं. आप्पांनी कधी तिचं नाव काढलं नाही. आईला हे सासूकडून कळलं.

"मला बघायला आले तवाच उतरल्या तोंडानं आले व्हते," आई म्हणाली. "म्या काय बोलले न्हाय. संसार चांगला केला त्यांनी. हात उचलला न्हाय, उणंदुणं काढलं न्हाय. पर तू ग्रंथ वाचतीस, तू सांग. मेलेल्या माणसाचा राग धरू नी म्हणत्यात. न्हाय धरला. पर दरसाल तिच्यासाठी आंबील म्याच करायची? म्याच निवद दावायचा?"

एवढं बोलून तिनं चटणी वाटीत काढली आणि पाटा धुवायला घेतला. माझ्या आईनं मनात एवढं ठेवलं असेल आणि शेजारी बसून दरसाल भज्जी वाढली असेल, हे मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस हे कोडं माझी करमणूक होती. समजा, खरंच तीच निघाली तर? शोधून काढून मी आईच्या हातात काय देणार होते?

आणि तरी राहवेना. काही माणसांना खपली काढल्याशिवाय झोप येत नाही, त्यातली मी.

दत्तूअण्णांचं नाव रमेशनं सुचवलं. आमच्या बांधाला त्यांचा बांध. आप्पांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, म्हणजे आता पंच्याऐंशीच्या पुढं. रान बटईनं देऊन ते येडशीला लेकाकडं राहायला गेलेले. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून धाराशिव आणि तिथून येडशी. स्टेशनकडच्या गल्लीत घर सापडलं. अण्णा अंगणात उन्हाला बसले होते, अंगावर कांबळं, पुढ्यात तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप. रान सुटलं तरी बोटं सुटत नाहीत. मी पाया पडले, गावाचं नाव सांगितलं, आप्पांचं सांगितलं.

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग तोंडभर हसले. "गुरुजीची थोरली! दगडवाली व्हय गं तू?"

मी खाली बसले.

"मी दगडवाली? मी काय केलं अण्णा?"

"आता घ्या! तुलाच ठावं न्हाय? त्यो सहावा दगड तूच आणला की काखंत मारून!"

त्यांनी सांगितलं ते असं. मी पाच वर्षांची. आई बाळंतपणाला बेंबळीला गेलेली. येळवशीच्या सकाळी बेंबळीहून सायकलवर माणूस आला: मुलगा झालाय, मूल चांगलं आहे, पण बाळंतीण तापानं फणफणलीय, शुद्धीत नाही, गुरुजींनी निघावं. आजोबा म्हणाले, आधी रानाची पूजा, मग जा. वर्षाची पूजा चुकवून कुठं निघायचं नाही. त्या काळी बापापुढं बोलायची टाप नव्हती. घरातल्या बायका मागून दुरड्या घेऊन यायच्या होत्या; आजोबा नि आप्पा बैलगाडीत बसून पुढं रानात आले. मीही. माझ्या काखेत आईच्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला वरवंटा.

"वरवंटा?" मी म्हटलं.

"व्हय की. कुणी इचारलं तर म्हणायचीस, ही माजी आई. खाली ठिवंना. गाडीतबी मांडीवर घिऊन बसलीस."

ऐकताना मला एकदम बारशातला पाळणा दिसला. आपल्याकडं वरवंट्याला माणूस समजायची रीतच आहे. बाळाच्या आधी पाळण्यात त्यालाच टोपडं घालून निजवतात, खालून-वरून घेतात, त्याच्या कानात कुर्र करतात. पाच वर्षांच्या पोरीनं ते कुठंतरी बघितलं असणार. घरात आईचा हात सगळ्यात जास्त लागलेली वस्तू तीच होती.

"कोपीत पांडव मांडले," अण्णा म्हणाले, "आन् तू गेलीस आन् त्यो वरवंटा शेवटाला उभा केलास. तुजा आजा खवळला. पांडव पाच असत्यात, काढ म्हणाला. तू असा टाहो फोडलास की माज्या रानातली बैलं बुजली. गुरुजी लिंबाखाली उभे. तोंडावर रगत न्हवतं त्यांच्या. ते आले, तुज्या हातातनं वरवंटा घेतला. आमाला वाटलं फेकत्यात. त्यांनी त्याला चुना फासला. पार झाकून टाकला. आन् मांडला वळीत. बापाला म्हणाले, हिची आई येस्तवर असू द्या. आयुष्यात पैल्यांदा बापाला उलट बोलले. आन् न जेवताच बेंबळीच्या वाटंला लागले."

आई पंधरा दिवस झुंजली आणि उठली. रमेशला घेऊन गावी आली. पुढच्या येळवशीला अण्णाच आप्पांना म्हणाले होते: गुरुजी, आता बाई आल्या, काढा तो वरवंटा.

"काय म्हणाले आप्पा?"

अण्णांनी शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "म्हणाले, 'अण्णा, तो दगड आहे, हे मला समजतं. पण काढायला हात होत नाही. काढला आणि हिला परत काय झालं तर?' मला म्हणाले, 'कुणाला बोलू नका. गाव हसंल. आन् हिला कळलं तर ही वरवंटा घरी नेऊन चटणी वाटायला बसंल.'"

अण्णा हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हातारपणी दोन्ही एकाच वाटेनं येतं. मीही हसत होते. येताना एसटीत खिडकीशी बसून मात्र रडले. शेजारची बाई म्हणाली, "माहेराहून निघाला का?" म्हटलं, नाही, माहेराला चाललेय.

वाटेत दोन्ही अंगांना निसवलेली ज्वारी, मधूनच करडईचे पट्टे. मी ती सकाळ आठवायचा प्रयत्न केला. काहीच आठवेना. गाडीच्या साटीवर अंथरलेलं घोंगडं टोचायचं, ते आठवलं. चुन्याचा वास आठवला. पण तो दरसालचाच. वरवंटा मांडीवर जड लागला असेल, थंड लागला असेल. हे मला आठवतंय का मी आता रचतेय, ते मला सांगता येणार नाही. एवढी मोठी गोष्ट मी केली आणि विसरून गेले. आणि आप्पा दरसाल मला विचारत राहिले, तूच सांग. ते टाळत नव्हते. उत्तर माझ्याकडं होतं, आणि माझ्याकडून ते काढून घ्यायला त्यांना घाई नव्हती. मला आप्पांचा भयंकर राग आला. एकदा तरी सांगायचं होतं. नोकरी लागल्यावर, लग्नात, कधीतरी. आणि रागाच्या पाठोपाठ त्यांची इतकी आठवण आली की धाराशिवचा स्टँड आलेला मला कळला नाही.

आईला त्या संध्याकाळी काही बोलले नाही. रानातच सांगायचं ठरवलं. शब्द पूजेच्या आधीचा होता.

येळवशीच्या दिवशी गारठा मरणाचा होता आणि ऊन लख्ख. रमेशनं कोप घातली, वहिनीनं दुरड्या उतरवल्या. लिंबाच्या बुडाशी सहा दगड. दोन वर्षांच्या पावसानं चुना डागाळलेला. रमेशनं पाच उचलून धुतले. सहाव्याला आईनं पायानं जरा बाजूला सारलं.

"सापडलं का?" तिनं विचारलं. माझ्याकडं न बघता.

"सापडलं. लोहाऱ्याची नाही ती."

"मग कोण?"

"बेंबळीची."

आईनं वर बघितलं. मी सगळं सांगितलं, अण्णांच्या शब्दांत जमेल तसं. सायकलवरचा माणूस, आजोबा, टाहो, चुना, न जेवता धरलेली बेंबळीची वाट. रमेश तोंड उघडं टाकून ऐकत होता. स्वतःच्या जन्माच्या दिवसांची हकीकत तो सेहेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा ऐकत होता. आईनं वहिनीच्या दुरडीतला विळा घेतला, लिंबाखाली मांडी घातली, दगड मांडीवर घेतला आणि चुना खरवडायला लागली.

चुना काय एका वर्षाचा होता? पापुद्र्याखाली पापुद्रा, आणि प्रत्येक पापुद्रा आप्पांच्या हातचा. आईचं लुगडं पांढरं झालं. बऱ्याच वेळानं खालचा काळा दगड दिसला. गुळगुळीत. आईनं त्यावरून अंगठा फिरवला आणि तो एका टोकाशी थांबला.

"ह्यो टवका," ती म्हणाली. "आमच्या दादानं सुपारी फोडली व्हती ह्याच्यानं. आईनं बदाडला व्हता त्याला. माजा वरवंटा हाय ह्यो."

मग ती हसायला लागली. "चोराच्या घरात नांदले की गं मी! आन् त्या गरीब बाईवर आळ घेतला, चटणी खाल्ली न्हाय तिच्या घरची." पलीकडच्या वावरात काकूची कोप दिसत होती. "सूनबाई, जा, काकूला हाक मार. जेवायला ये म्हणावं. आन् येताना तुज्या घरची चटणी आण म्हणावं." वहिनी पळाली. आईचं हसू तसंच होतं आणि डोळ्यांतून धारा चाललेल्या. ती वरवंटा मांडीवर घेऊन बसली होती, बाळ घेतात तसा.

"त्या लोहाऱ्याच्या पोरीला उगं बोलले मनातल्या मनात," ती म्हणाली. "तिचा काय दोष?" आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "भ्याले व्हते व्हय गं ते? माज्यासाठी? लिंबू पिणारा माणूस!"

मी म्हटलं, "आई, आता घरी नेऊ या का? चटणीला होईल तुला."

तिनं वरवंटा हातात तोलून बघितला. हाताला बसला असणार. पाट्यावर कसा धरायचा, ते तिच्या मुठीनं लगेच केलं. मग तिनं चुन्याचं भांडं ओढलं आणि उजव्या हाताची बोटं त्यात बुडवली.

रमेश कोपीत वाकून दगड मांडत होता. काय करावं त्याला कळेना. त्यानं मान बाहेर काढून विचारलं, "आई, मग किती मांडू? पाच का सहा?"

आईनं वरवंट्याला चुना फासला, आणि चुना राहिलेलं बोट माझ्या नाकावर टेकवलं.

"सहा मांड," ती म्हणाली. "तुजा बाप गणिताचा गुरुजी व्हता. मोजायला चुकंल व्हय?"